एक मनुका आणि परत गेलेला डबा

येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथून सकाळी धाराशिवला येणाऱ्या एसटीत माणसांना बसायला जागा मिळेलच असं नाही, पण डब्यांची जागा पक्की असते. ड्रायव्हरशेजारच्या गरम बॉनेटवर, शिकायला शहरात राहणाऱ्या पोरापोरींचे डबे ओळीनं बसलेले असतात. कुणाचा पिशवीत, कुणाचा टॉवेलात, माझा आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात. दिवाळीनंतर थंडी पडली की बॉनेटची ऊब प्रवाशांनाही हवीशी वाटते, पण डब्यांना उठवायची कुणाची हिंमत होत नाही.

माझे डबे दोन आहेत. एक भरून येतो तेव्हा आदल्या दिवशीचा परत जातो. आई गावाच्या थांब्यावर कंडक्टर काकांच्या हातात डबा देते, मी बसस्टँडवर तो घेते आणि त्याच गाडीनं दुसरा पाठवते. यात एकच नियम आहे, आणि तो मला कुणी कधी शिकवलेला नाही. डबा रिकामा परत जात नाही. आमच्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. भांडं रिकामं परत गेलं की त्याचा अर्थ एकच निघतो: आता बास, तुमचं आम्हाला नको. म्हणून मी डब्यात कधी पेरू ठेवते, कधी मूठभर फुटाणे. एकदा काहीच नव्हतं तेव्हा घरमालकिणीच्या झाडाची कढीपत्त्याची डहाळी ठेवली होती. आईनं त्याच दिवशी ती कढीला घातली, असं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, फोनवर सांगितलं.

फोन अण्णांकडंच असतो. आई फोनवर बोलत नाही. ती शेजारी उभी राहून बोलते आणि अण्णा ते पुढं पाठवतात. प्रत्येक निरोपाच्या आधी ते "ती म्हणती" असं लावतात, म्हणजे जबाबदारी कुणाची ते स्पष्ट राहतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळं कॉलेजात जे सांगतील ते मी खरं धरते. घरी विचारून खात्री करून घ्यावी, तर अण्णा म्हणतात, "तिथं सांगितलंय म्हणल्यावर आसंल." असं आम्ही एकमेकांवर विसंबून असतो.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पहिल्याच सोमवारी कॉलेजच्या फाटकावर फलक लागला: सजग आहार सप्ताह. सजग म्हणजे नेमकं काय ते कळेना. माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण तामलवाडीकडची आहे. ती फलकाकडं बघून म्हणाली, "जागं राहून खायचं आसंल. आमच्या मेसमधलं जेवण झोपेत खाल्लेलंच बरं." ती मेसमध्ये पैसे भरते आणि माझ्या डब्यातलं जेवते.

उद्घाटनाला प्राचार्य सर बोलले. अन्न गरम असतानाच खावं या विषयावर ते इतका वेळ बोलले की व्हरांड्यात ठेवलेला चहा पार निवला. मग बाहेरगावाहून आलेल्या तज्ज्ञ मॅडम उठल्या. मॅडम खरंच चांगल्या होत्या. आवाज शांत, चेहरा हसरा आणि अंगावर अशी शाल की नुसती बघूनच आमची थंडी कमी व्हावी. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एक एक मनुका ठेवायला लावला.

"लगेच खायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी बघा. मग वास घ्या. मग कानाशी नेऊन ऐका."

आमच्यातले निम्मे सकाळच्या गाड्यांनी उपाशीपोटी आलेले. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, माझा गेला."

"कुठं गेला?"

"आत. ऐकायच्या आधीच."

त्याला दुसरा मनुका दिला. तोही गेला, पण या वेळी तो काही बोलला नाही. मॅडमनी डोळे मिटायला सांगितले. "आता हा घास ज्या शेतातून आला तिथं मनानं जा. ऊन, माती, कष्ट करणारे हात, सगळं अनुभवा."

तोच मागचा आवाज म्हणाला, "मॅडम, आत्ताच तिथनं आलोय. सोयाबीनचं खळं करून. परत नगा धाडू."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, त्यामुळं मला त्या जास्तच आवडल्या. मी मात्र हसले नाही, कारण मी चावत होते. घास बत्तीस वेळा चावायचा होता. मनुका निम्म्यातच संपला. उरलेले आकडे मी नुसत्या दातांनी पूर्ण केले.

मॅडमचे बाकीचे नियम असे होते: जेवताना बोलू नये, फोन बघू नये, तेल-तिखट बेताचं असावं. आणि शेवटी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "रिक्त पात्र, तृप्त मन." म्हणजे भांड्यात काही उरू द्यायचं नाही. ते घासून, पुसून, कोरडं आणि रिकामं करून परत करायचं, की मनही तसंच होतं. मला हे वाक्य फार आवडलं. इतक्या थोड्या शब्दांत इतका अर्थ आमच्याकडं कुणी सांगत नाही. आमच्याकडं थोड्या शब्दांत नुसतं "गप जेव" म्हणतात.

संध्याकाळी मी घरी फोन केला. "अण्णा, मॅडम म्हणल्या तेल-तिखट कमी पाहिजे. ठेचा तर पोटाला वाईटच म्हणं."

अण्णांनी ते शेजारी उभ्या आईला सांगितलं. मग अण्णा म्हणाले, "ती म्हणती, बरं."

आईच्या "बरं"चे बरेच अर्थ होतात. मी त्यातला सगळ्यात सोपा घेतला.

मंगळवारी सकाळी डबा परत पाठवायची वेळ आली. मी तो राखेनं घासला होता, दोनदा धुतला होता, फडक्यानं इतका पुसला होता की झाकणात तोंड दिसावं. बसस्टँडवर पेरूवाला बसला होता, त्याच्याकडून सवयीनं एक पेरू घेतला. डब्यात ठेवणार इतक्यात फळ्यावरचं वाक्य आठवलं. पात्र रिक्त पाहिजे. मला वाटलं, शिकायचंच आहे तर पूर्ण शिकावं. मी झाकण लावलं, हिरव्या फडक्यात डबा बांधला, कंडक्टर काकांना दिला आणि भरलेला डबा घेतला. पेरू मी तिथंच बाकावर बसून खाल्ला. अगदी सजगपणे खाल्ला. बियासुद्धा चावल्या.

त्या दिवशीच्या डब्यात भाकरी होती, मुगाची उसळ होती आणि ठेचा नव्हता. आम्ही दोघी मुकाट्यानं जेवलो. मैत्रिणीनं पहिल्यांदा माझ्या डब्यातलं खाताना भुवया वर केल्या. नियमाप्रमाणं बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं बोटानं डब्याचे कोपरे दाखवले, की ठेचा कुठाय. मी बोटानंच फळ्यावर लिहावं तसं काहीतरी हवेत लिहिलं. तिनं कपाळाला हात लावला. तेवढं नियमात बसत होतं.

बुधवारी गाडी आली तेव्हा बॉनेटवर सगळ्यांचे डबे होते, हिरवं फडकं नव्हतं.

"काका, माझा?"

"न्हाय दिला आईनं," कंडक्टर काका म्हणाले. "थांब्यावर उभ्या हुत्या, पण हात रिकामे. म्या म्हणलं, डबा द्या की. तर म्हणल्या, पोरीनंच बास म्हणलंय."

"मी कधी म्हणलं?"

"ते तुमचं तुमी बघा ताई. म्या डबं पोचवतो, भांडणं न्हाय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ठेचा वाईट, असा निरोप गेला होता, आणि त्याच्यामागून चकचकीत रिकामा डबा गेला होता. दुसऱ्या कुणाच्या मुलीनं असं केलं असतं तर मीही हाच अर्थ काढला असता. मी तिथूनच अण्णांना फोन लावला. ते रानात हरभऱ्याला पाणी देत होते, आई नुकतीच थांब्यावरून तिथं आली होती.

"अण्णा, डबा चुकून रिकामा गेला. आईला सांगा."

अण्णांनी सांगितलं. मला पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकू येत होता. मग अण्णा म्हणाले, "ती म्हणती, चुकून भरलेला जातोय. रिकामा चुकून जात न्हाय."

"तसं नाही अण्णा, कॉलेजात सांगितलं होतं."

"ती म्हणती, मग कॉलेजच घालंल की खायाला." मग ते हळूच स्वतःचं म्हणाले, "तू कशाला काढलंस गं माय ते ठेच्याचं. इथं मलाबी आता आळणी मिळायलंय."

मी खोलीवर आले. मला तिच्या हातचं नकोसं झालंय असं आईला वाटावं, हे मला सहनच होत नव्हतं. घरात मला कधी तिनं चुलीजवळ बसू दिलं नाही. "तू पुस्तक धर, हे म्या बघते," असं म्हणत तिनं मला बारावीपर्यंत आणलं. तिच्या हिशेबानं भाकरी ही तिची बाजू होती आणि पुस्तक माझी. आणि मी पुस्तकाच्या बाजूनं उठून तिच्या बाजूला नावं ठेवली होती.

मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती दाराशी उन्हात बसली होती, शालीतून फक्त नाक बाहेर.

"मग भरून पाठव की डबा," ती म्हणाली. "दुसरा हाय ना आपल्याकडं. फोनवर कुणाचं पोट भरतंय व्हय."

"मला करता कुठं येतंय?"

"मला तरी कुठं येतंय. पर मला लवकर शिकावं लागंल. तुझ्या आईनं डबा बंद केला, म्हणजे मी बी उपाशीच की. मेसमध्ये आज बी बटाटाच हाय."

लहान गॅसची शेगडी आमच्याकडं होती, पण तिच्यावर आजवर चहाच झाला होता. त्या दुपारी आम्ही पिठलं केलं. त्यात इतक्या गाठी झाल्या की मैत्रिणीनं त्यांना भजी समजून वेगळं काढलं. गुरुवारी भाकरी थापायला गेले. ती ताटातून उचलताना तुटली, तव्यावर टाकताना परत तुटली आणि भाजून झाली तेव्हा तिच्यात आपल्या जिल्ह्यातले सगळे तालुके वेगवेगळे दिसत होते. थंडीनं पीठ मळताना बोटं आखडत होती आणि तवा उचलताना भाजत होती.

गुरुवारीच कॉलेजात मॅडमनी विचारलं, या आठवड्यात कुणी स्वतः स्वयंपाक केला का. मैत्रिणीनं माझा हात धरून वर केला.

"वा," मॅडम म्हणाल्या. "घरचा डबा घेणं सोडलं?"

"सोडलं नाही मॅडम. बंद झाला."

"म्हणजे स्वावलंबन. आणि शिजवताना काय जाणवलं?"

मी खरं ते सांगितलं. "हात भाजला."

मॅडमनी दोन्ही हात जोडले. "म्हणजे तुम्ही पूर्णपणे वर्तमानात होता."

शनिवारी समारोप होता आणि अनुभव सांगायला माझी निवड झाली. मला वाटलं, नाही म्हणावं. पण मॅडम इतक्या आनंदानं बघत होत्या, आणि मला नाही म्हणायला जमत नाही. "रिक्त पात्र, तृप्त मन यावरच बोला," त्या म्हणाल्या. मी मान हलवली. पात्र रिक्त झाल्यापासून माझं मन कसं होतं, ते त्यांना कसं सांगावं ते कळेना.

शुक्रवारी पहाटे आम्ही उठलो. धपाटी करायचं ठरवलं होतं. धपाटं एसटीच्या प्रवासात टिकतं, आणि थोडं वाकडं झालं तरी त्याला कुणी नावं ठेवत नाही, असं मैत्रिणीचं म्हणणं होतं. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, लसूण, कोथिंबीर, तीळ आणि मिरची. मी मिरची एकच घेतली होती. मैत्रिणीनं आणखी चार टाकल्या. "आता बी मॅडमचंच ऐकणार हाईस का? आईला पाठवायचंय, दवाखान्यात न्हाय."

ओल्या फडक्यावर पीठ थापायचं, मधे बोटानं भोकं पाडायची आणि फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं करायचं. पहिलं धपाटं तव्यावर गेलं आणि फडकंही त्याच्याबरोबर गेलं. दुसरं निम्मं फडक्यालाच राहिलं. तिसऱ्यापासून धपाटी धपाट्यासारखी दिसायला लागली. गाडीची वेळ होत आली होती, त्यामुळं शेवटची काठाला थोडी कच्ची आहेत अशी मला शंका होती, पण तवा परत ठेवायला वेळ नव्हता. एका वाटीत दाण्याची चटणी भरली. ती चव बघून बघून कमी झाली होती, तरी वाटीत दिसण्याइतकी होती. डबा भरला आणि हिरव्या फडक्यात बांधला. गाठ मी आई बांधते तशी बांधायला गेले. तशी जमली नाही.

बसस्टँडवर त्या दिवशीही बॉनेटवर हिरवं फडकं नव्हतं. मी डबा पुढं केला. कंडक्टर काकांनी तो हातात तोलला, मग नाकाशी नेला.

"आज उलटं काय? इकडनं भरलेला?"

"हो."

"आई शिकायला गेली का काय तिकडं?"

गाडीतले दोघे-तिघे हसले. काकांनी डबा बॉनेटवर पुढच्या बाजूला ठेवला आणि शेजारचा एक सरकवला. मी विचारलं, "काका, आई थांब्यावर नसली तर?"

"रोज आसत्यात की. डबा बंद झाला तरी त्या टायमाला येऊन उभ्या राहत्यात. गाडी बघत्यात अन् जात्यात." मग काकांनी दोरी ओढून घंटी वाजवली आणि गाडी निघाली.

दिवसभर फोन आला नाही. मी केला तर अण्णांनी उचलला नाही, फोन घरी खुंटीला टांगून रानात गेले असावेत. संध्याकाळी मैत्रीण म्हणाली, "आवडलं नसंल तर फोन आला असता. आमच्याकडं तरी तसंच हाय. चांगलं झालं तर कुणी बोलत न्हाय." तिनं मला समजवायला हे म्हटलं होतं, पण मी आणखीच काळजीत पडले.

शनिवारी समारोप. सरांनी सांगितलं होतं, लवकर सुरू करून लवकर संपवू. पाहुणे उशिरा आले. व्हरांड्यात उपम्याची मोठी भांडी झाकून ठेवली होती, आणि सर पुन्हा एकदा अन्न निवू देऊ नये या विषयाकडं वळले. मी स्टेजवर खुर्चीत बसले होते आणि घड्याळाकडं बघत होते. गावची गाडी बसस्टँडवर फार वेळ थांबत नाही. डबा आला असेल आणि घ्यायला कुणी नसेल, तर तो तसाच परत जाईल. आईच्या हातात तिचाच डबा भरलेला परत पडेल. त्याचा अर्थ रिकाम्या डब्याहून वाईट निघाला असता.

माझं नाव पुकारलं. माईक माझ्यापेक्षा उंच होता. मी म्हटलं, "मॅडमनी चांगलं शिकवलं. मी मन लावून ऐकलं. पण ते रिक्त पात्राचं आमच्याकडं चालत नाही. आमच्याकडं भांडं रिकामं परत पाठवलं की आईला वाटतं, पोरीला आपलं नको झालं. मी पाठवलं आणि तिला तसं वाटलं. बाकी मला बोलता येत नाही. माझी गाडी आली असेल, मी जाते."

मी उतरले आणि निघाले. मागं टाळ्या वाजल्या. नंतर मैत्रिणीनं सांगितलं की मॅडमनी डोळे पुसले आणि फळ्यावरचं वाक्यही पुसलं. सर मात्र बोलायला उठले, आणि वक्तशीरपणाचं महत्त्व या विद्यार्थिनीकडून शिकावं, असं त्यांनी बराच वेळ सांगितलं. उपमा दगड झाला होता म्हणे.

मी बसस्टँडवर पोचले तेव्हा गाडी निघण्याच्या बेतात होती. कंडक्टर काका दारात उभे होते आणि त्यांच्या हातात हिरवं फडकं होतं.

"घे बाई. मोठं वझं हाय आज."

खरंच जड होता. मी तिथंच बाकावर बसून गाठ सोडली. वरच्या कप्प्यात भाकरी, त्याखाली हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, त्याखाली दह्याची वाटी. आणि सगळ्यात खालचा कप्पा काठोकाठ ठेच्यानं भरलेला. इतका ठेचा आम्हा दोघींना महिनाभर संपला नसता. मॅडमना आईनं दिलेलं ते उत्तर होतं, फक्त माझ्या पत्त्यावर आलं होतं.

मी फोन लावला. अण्णांनी पहिल्या रिंगला उचलला.

"अण्णा, धपाटी कशी झाली?"

"मला काय म्हाईत," अण्णा म्हणाले. आवाजात राग होता. "मला एक बी मिळालं न्हाय. थांब्यावरच दगडावर बसून तुझ्या आईनं खाल्ली सगळी. घरी आणला तो रिकामा डबा. म्या वास घेतला नुस्ता."

मागून आईचा आवाज आला. "काठाला कच्ची हुती. सांगा तिला."

"ती म्हणती, काठाला..."

"द्या हिकडं," आई म्हणाली, आणि फोनमध्ये खरखर झाली. याआधी आईनं कधी फोन हातात घेतल्याचं मला आठवत नाही. तिनं तो तोंडाच्या फार जवळ धरला होता, त्यामुळं आधी नुसता श्वास ऐकू आला. मग ती रानात हाक मारावी तशी मोठ्यानं बोलली. "तवा तापला का न्हाय ते पाणी शिंपडून बघायचं. चर्र झालं पायजे. मगच टाकायचं."

"बरं," मी म्हटलं.

"अन् फडकं लई ओलं न्हाय करायचं."

"बरं."

मग तिनं विचारलं, "मंगळवारी पेरू का न्हाय घातला?"

"मी खाल्ला, आई."

"गोड हुता का?"

"हो."

"मग आसूंदे," आई म्हणाली, आणि फोन कसा बंद करायचा ते माहीत नसल्यानं तो तसाच अण्णांकडं गेला.

सोमवारी मी डबा परत पाठवला तेव्हा त्यात एकच धपाटं होतं, काठापर्यंत नीट भाजलेलं, कागदात गुंडाळलेलं. कंडक्टर काकांना सांगितलं, हे अण्णांच्याच हातात द्या, थांब्यावर आईला देऊ नका.

काका म्हणाले, "ते काय माझ्या हातात हाय व्हय?"